तीन बळींचा हिशेब : गोलंदाज चंदू सरवटे



आयुष्यभर मराठी साहित्य शिकविलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी एका क्रिकेटपटूचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संतवाङ्मय किंवा माळव्यातील मराठीची परंपरा असा एखादा विषय मला अधिक शोभला असता, असे निमंत्रण द्यायला आलेल्या मित्रांनीही सौम्य शब्दांत सुचविले. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या सरांचे माझ्यावरचे ऋण एका गोलंदाजाच्या नावाशी जोडलेले आहे. ते फेडणे शक्य नाही. निदान त्याचा उच्चार करावा, एवढाच आजचा हेतू.

साल १९६३. मी नववीत होतो. सर आम्हाला गणित शिकवीत आणि शाळेच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहत. त्या काळी मला आकडे पाठ करण्याचा भारी नाद होता. कोणाच्या किती धावा, कोणाचे किती बळी, हे मी घडाघडा म्हणून दाखवीत असे. एके दिवशी मधल्या सुटीत मित्रांच्या घोळक्यात मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "नऊ कसोटी सामने आणि बळी फक्त तीन! आणि यांना आपण इंदूरचा मोठा गोलंदाज म्हणायचे!" सर मागे उभे आहेत याची मला कल्पना नव्हती. ते रागावले नाहीत. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर ३ हा आकडा काढला आणि मला उभे करून विचारले, "हे काय आहे?" मी म्हणालो, "तीन." "तीन काय?" मी गप्प राहिलो. "एकक न लिहिलेल्या उत्तराला मी किती गुण देतो?" "अर्धे, सर." "मग कालपर्यंत गणितात अर्धे गुण घेत होतास, आज क्रिकेटमध्येही घेतलेस. किती चेंडूंत तीन? कोठल्या मैदानावर? समोर कोण होते? आणि त्याच हातांनी इतरत्र काय केले? एवढे लिहून आण."

ते मी तेव्हा लिहून नेले नाही. आज, वयाची पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, ते लिहून आणले आहे.

शब्दांपासून सुरुवात

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे शब्दांपासून आरंभ करण्याची सवय सुटत नाही. 'गोलंदाज' हा शब्द क्रिकेटबरोबर आलेला नाही. फारसीतून आलेला हा शब्द मराठेशाहीत तोफेचा गोळा टाकणाऱ्या सैनिकासाठी रूढ होता. होळकरांच्या फौजेतही गोलंदाज होते. पुढे चेंडू टाकणाऱ्याला तेच नाव मिळाले आणि त्याच्या जोडीला 'फलंदाज' आला. 'बळी' हा शब्द मात्र जरा फसवा आहे. तो बाद झालेल्या फलंदाजाकडे बोट दाखवितो आणि त्यामागे राबलेला हात झाकून टाकतो. वीस षटके एका टप्प्यावर टाकून फलंदाजाला जखडून ठेवावे आणि दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाने त्या अस्वस्थतेचे फळ घ्यावे, असे नित्य घडते. हिशेबाच्या वहीत त्या वीस षटकांचा बळी लिहिला जात नाही.

तिसरा शब्द 'कसोटी'. सोनार ज्या काळ्या दगडावर सोने घासून त्याचा कस पाहतो, तो कसोटीचा दगड. आंतरराष्ट्रीय सामन्याला हे नाव देणाऱ्याची कल्पकता वाखाणण्याजोगी आहे. पण सोनाराच्या दुकानात बसलेला कोणीही सांगेल, की रेघ पुरेशी उमटल्याखेरीज सोनार भाव सांगत नाही. पुसट रेघेवरून सोने हिणकस ठरविणारा सोनार आपल्या धंद्यात टिकत नाही.

सागरहून इंदूरला

'सरवटे' म्हटले की बाहेरगावच्या माणसाला आधी इंदूरचे बसस्थानक आठवते. ते नाव संविधान सभेचे सदस्य व मराठीतील व्यासंगी लेखक वि. सी. तथा तात्यासाहेब सरवटे यांचे. आपले आजचे सरवटे ते नव्हेत. चंद्रशेखर त्र्यंबक सरवटे यांचा जन्म १९२० साली सागर येथे झाला. आज मध्य प्रदेशात असलेले हे गाव तेव्हा मध्य प्रांतात होते, आणि पेशवाईपासून तेथे मराठी घरे नांदत आली आहेत. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या सतरा वर्षांच्या आत, ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या संघातून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. पुढे महाराष्ट्र आणि मुंबई या संघांतून खेळून ते १९४४-४५ च्या सुमारास होळकर संघात आले आणि इंदूरचे झाले.

तो होळकर संघ म्हणजे काय होते, हे आजच्या विद्यार्थ्यांना थोडे उलगडून सांगावे लागेल. महाराजांनी १९२३ साली सी. के. नायडू यांना नागपूरहून इंदूरला आणले. ते फौजेत अधिकारी झाले आणि येथेच राहिले. त्यांच्याभोवती हळूहळू एक संघ उभा राहिला. इंदूरचेच मुश्ताक अली, सी. कें.चे धाकटे बंधू सी. एस. नायडू, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, डावखुरे फिरकी गोलंदाज हिरालाल गायकवाड, आणि सरवटे. युद्धकाळात सैन्यात नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टनही एका हंगामात या संघातून खेळले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा विजेता ठरला. मुंबईसारख्या महानगराशी एका संस्थानी शहराने दहा वर्षे बरोबरीने झुंज द्यावी, असे उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये विरळा.

एकसष्ट धावांत नऊ

सरवट्यांच्या गोलंदाजीचा कस पाहायचा तर आधी मार्च १९४६ मध्ये इंदूरला जावे लागते. रणजी करंडकाचा उपांत्य सामना, प्रतिस्पर्धी म्हैसूर. होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा करून डाव सोडला. त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके केली. पन्नाशी गाठलेल्या सी. कें.चे १०१, आणि सरवट्यांचेही १०१. या धावांच्या डोंगराची गोष्ट इंदूरच्या जुन्या माणसांनी इतक्या वेळा सांगितली आहे, की त्याच सामन्यातील दुसरी गोष्ट तिच्या सावलीत गेली. म्हैसूरचा पहिला डाव १९० धावांत संपला आणि त्यातले नऊ बळी एकट्या सरवट्यांचे होते, ६१ धावांत नऊ! दुसऱ्या डावात म्हैसूरच्या फलंदाजांनी पाचशेच्या वर धावा केल्या, म्हणजे ते काही दुबळे नव्हते. होळकर संघाने सामना एक डाव आणि २१३ धावांनी जिंकला. एकाच सामन्यात शतक आणि एकाच डावात नऊ बळी, ही कामगिरी कोणत्याही काळात दुर्मिळच म्हणावी लागेल. त्या हंगामाचा अंतिम सामनाही इंदूरलाच झाला आणि बडोद्याला ५६ धावांनी हरवून होळकर संघाने करंडक पहिल्यांदा जिंकला.

सरवटे उजव्या हाताने संथ फिरकी टाकीत. लेग-ब्रेक आणि ऑफ-ब्रेक या दोन्ही प्रकारांची नोंद त्यांच्या नावापुढे आढळते. श्रोत्यांत क्रिकेट न खेळलेले पुष्कळ आहेत, म्हणून थोडे विवेचन करतो. संथ गोलंदाजाजवळ वेगाचे भय नसते. उजव्या हाताच्या फलंदाजाच्या दृष्टीने पाहिले तर ऑफ-ब्रेक टप्पा पडल्यावर आत वळतो, आणि तो मुख्यतः बोटांनी दिलेल्या पिळामुळे. लेग-ब्रेक बाहेर जातो, आणि तो मनगटाच्या पिळामुळे. लेग-ब्रेकच्याच हावभावाने टाकलेला पण आत शिरणारा चेंडू म्हणजे गुगली. परंतु केवळ वळण्याने बळी मिळत नाहीत. कधी चेंडू थोडा उंच देणे, कधी टप्पा वीतभर अलीकडे घेणे, वेगात किंचित फरक करणे, अशी ही कला आहे. चौथ्या षटकात दिलेला चौकार ही नवव्या षटकातील झेलाची पेरणी असते. म्हणून या जातीच्या गोलंदाजाला तीन गोष्टी लागतात: हवा तसा झेल टिपणारे क्षेत्ररक्षक, चार धावा गेल्या तरी चेंडू काढून न घेणारा कर्णधार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ.

होळकर संघात या तिन्ही गोष्टी होत्या. वेळ म्हणजे किती वेळ? १९४४-४५ च्या अंतिम सामन्याचे उदाहरण घ्या. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर, निकाल लागेपर्यंत खेळावयाचा सामना. दोन्ही संघांनी मिळून २०७८ धावा केल्या, होळकरांकडून कॉम्प्टन नाबाद २४९ वर राहिले, तरी मुंबई ३७४ धावांनी जिंकली. त्या सामन्यात सी. एस. नायडूंनी एकट्याने ९१७ चेंडू टाकले, म्हणजे १५२ षटके आणि ५ चेंडू, आणि ११ बळी घेतले. एका सामन्यात सर्वाधिक चेंडू टाकण्याचा हा विक्रम आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे. त्याची आपल्याला थोड्याच वेळात गरज पडणार आहे.

ओव्हलवरील शेवटची जोडी

म्हैसूरविरुद्धच्या त्या सामन्यानंतर दोन महिन्यांच्या आत सरवटे भारतीय संघातून इंग्लंडला होते. होळकर संघातील मुश्ताक अली आणि सी. एस. नायडूही त्या दौऱ्यावर होते. युद्ध नुकतेच संपलेले. लंडनचे ओव्हल मैदान युद्धकाळात कैद्यांच्या छावणीसाठी तयार करून ठेवलेले होते, ते पुन्हा हिरवे करून तेथे क्रिकेट सुरू झाले होते. ११ मे १९४६ रोजी सरे संघाविरुद्धचा सामना सुरू झाला. सरेकडे अल्फ गोव्हर आणि अॅलेक बेडसर यांच्यासारखे गोलंदाज. भारताच्या ९ बाद २०५ धावा झाल्या, तेव्हा दहाव्या क्रमांकावरील सरवट्यांना साथ द्यायला अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी आले. डाव आता संपणारच, म्हणून मैदानाची देखभाल करणारा माणूस रोलरविषयी विचारायला विजय मर्चंट यांच्याकडे आला होता, असे सांगतात.

त्या माणसाला बराच काळ थांबावे लागले. शेवटच्या जोडीने २४९ धावांची भर घातली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याचा प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील हा एकमेव प्रसंग होय. भारताच्या ४५४ धावा झाल्या. सी. एस. नायडूंनी त्याच सामन्यात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि भारताने सामना नऊ गडी राखून जिंकला.

या प्रसंगाने सरवट्यांचे नाव क्रिकेटच्या प्रत्येक विक्रमग्रंथात गेले. परंतु माझ्या मते त्याने त्यांच्या गोलंदाजीवर एक प्रकारे अन्यायही केला. सरवटे म्हटले की लोकांना ओव्हलची भागीदारी आठवू लागली आणि ज्या कामासाठी ते संघात होते ते मागे पडले. दीड वर्षानंतर मेलबर्नला तर ते भारताच्या डावाची सुरुवात करायला गेले. जानेवारी १९४८ मधील त्या तिसऱ्या कसोटीत विनू मांकड यांच्याबरोबर त्यांनी सलामीला १२४ धावा जोडल्या. त्यात सरवट्यांच्या ३६ होत्या आणि मांकडांनी ११६ केल्या. दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत कोठेही उभे राहायची ज्याची तयारी, त्याला संघात निश्चित जागा मिळत नाही, हा अनुभव शाळा-महाविद्यालयांतील माणसांनाही परका नाही. ज्याच्यावर कोणतेही काम सोपविता येते, त्याच्यावर बहुधा उरलेले काम सोपविले जाते.

तीन काय?

आता सरांनी विचारलेल्या प्रश्नांकडे येतो. सरवटे १९४६ ते १९५१ या काळात नऊ कसोटी सामने खेळले. बळी ३, दिलेल्या धावा ३७४. प्रत्येक बळीमागे १२४ हून अधिक धावा. हा आकडा वाईट आहे, आणि तो चांगला आहे असे भासविण्याचा माझा मुळीच विचार नाही. मला त्याचे एकक लिहावयाचे आहे.

किती चेंडूंत? नऊ सामने मिळून साडेसहाशेच्या आसपास. सी. एस. नायडूंनी ब्रेबर्नवर एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले होते. म्हणजे होळकर संघाचा एक गोलंदाज एका सामन्यात जेवढी मेहनत करी, तेवढीही संधी त्याच संघाच्या दुसऱ्या गोलंदाजाला नऊ कसोटींत मिळून लाभली नाही. संथ फिरकीला वेळ लागतो हे आपण पाहिले. येथे नेमका वेळच नव्हता. संघात मांकड, सी. एस. नायडू, पुढे गुलाम अहमद असे फिरकी गोलंदाज असताना सरवट्यांच्या वाट्याला पाच-सात षटकांचे तुकडे येणे अपरिहार्य होते.

कोठे, आणि कोणासमोर? नऊपैकी पाच सामने १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील. तेथील कोरड्या खेळपट्ट्या टणक. चेंडू सरळ आणि नेमक्या उंचीने बॅटवर येणार. पाऊस पडला तर मात्र फिरकीची चंगळ, कारण तेव्हा खेळपट्टी झाकीत नसत. पण तो पाऊस भारताच्याच फलंदाजीला भोवला. ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत भारताचे डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. आणि समोर डॉन ब्रॅडमन. त्या मालिकेत त्यांनी ७१५ धावा केल्या, सरासरी १७८.७५. भारताचे सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज विनू मांकड यांना त्या पाच सामन्यांत मिळून बारा बळी मिळाले, आणि प्रत्येकासाठी ५२ हून अधिक धावा मोजाव्या लागल्या. मांकडांच्या थोरवीवर या आकड्याने डाग पडला असे कोणी म्हणत नाही, कारण त्यांना पुढे भरपूर कसोटी सामने मिळाले आणि त्यांनी त्या आकड्याला उत्तर दिले. सरवट्यांना उत्तर द्यायला उरले होते ते मायदेशातील तीनच सामने.

आणि शेवटचा प्रश्न, त्याच हातांनी इतरत्र काय केले? प्रथम श्रेणीच्या सामन्यांत सरवट्यांचे एकूण बळी ४९४, प्रत्येकी साडेतेवीस धावांत. धावा ७४३०, सरासरी ३२.७३, शतके १४, सर्वोच्च २४६. अष्टपैलू खेळाडू जोखण्याची एक सोपी रीत अशी, की फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा जास्त असावी. येथे ती नऊ धावांनी जास्त आहे. आणि हे एखाद-दोन हंगामांचे चांदणे नव्हे. तीस वर्षांच्या आसपास चाललेला हा खेळ आहे. होळकर संघाचे पर्व १९५५ मध्ये संपल्यावरही सरवटे मध्य प्रदेशासाठी खेळत राहिले आणि त्यांनी त्या संघाचे नेतृत्व केले.

ओव्हलवरील त्यांचे जोडीदार शुटे बॅनर्जी यांची कथा याहून विलक्षण आहे. १९३६ आणि १९४६ असे दोन इंग्लंड दौरे करूनही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. ती मिळाली फेब्रुवारी १९४९ मध्ये, मुंबईत, वेस्ट इंडिजविरुद्ध, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्यांनी पाच बळी घेतले. विजयाला सहा धावा हव्या असताना खेळ थांबला आणि सामना अनिर्णित राहिला. त्यानंतर त्यांना दुसरी कसोटी मिळाली नाही. ज्या दोघांनी ओव्हलवर इतिहास घडविला, त्या दोघांच्याही कसोटीच्या दगडावरील रेघा अशा अपुऱ्या आहेत.

हाताचा ठसा

सरवटे कायद्याचे पदवीधर होते आणि अंगुलिमुद्रांचे, म्हणजे बोटांच्या ठशांचे, तज्ज्ञ होते. बोटांनी चेंडूला पीळ देणाऱ्या माणसाचा व्यवसायही बोटांच्या रेषा वाचण्याचा असावा, हा योगायोग मला फार आवडतो. ठशांची नोंद ठेवणारी जगातील पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्याला स्थापन झाली, म्हणजे या शास्त्राशी आपल्या देशाचा संबंध जुना आहे. या शास्त्राचा पहिला धडा असा, की एकटा ठसा काही सांगत नाही. तो दुसऱ्या ठशाशेजारी ठेवावा लागतो, आणि तो अर्धवट किंवा फरकटलेला असेल तर निष्णात माणूस त्यावर मत देण्याचे टाळतो. सरांचे एकक आणि हा धडा मला एकच वाटतात.

ज्यांची पारख अपुऱ्या रेघेवरून झाली, ते सरवटे पुढे स्वतः पारखी झाले. १९८३ साली विश्वचषकासाठी भारताचा संघ निवडणाऱ्या पाच जणांच्या समितीत गुलाम अहमद, चंदू बोर्डे, बिशनसिंग बेदी आणि पंकज रॉय यांच्याबरोबर आपले चंदू सरवटे होते. त्या संघाकडून कोणालाही फारशी अपेक्षा नव्हती. निवडलेल्यांपैकी कपिल देव आणि सुनील गावसकर सोडले, तर केवळ कसोटीतील आकड्यांवर जग जिंकतील असे कोणी म्हटले नसते असे बरेच होते. त्यांच्यापैकी रॉजर बिन्नी यांनी त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे अठरा बळी घेतले, आणि २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्‌सवर काय झाले हे सांगायला माझी गरज नाही.

डिसेंबर २००३ मध्ये इंदूरलाच सरवट्यांचे निधन झाले. जून २०२२ मध्ये बेंगळुरूच्या मैदानावर मुंबईला हरवून मध्य प्रदेशाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. त्या संध्याकाळी राजवाड्यावर गेलो, तेव्हा होळकर संघाच्या १९५२-५३ च्या विजयानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी इंदूरकडे करंडक आला, हे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणांना मी सांगू लागलो. त्यांनी आदराने ऐकले. सी. के. आणि मुश्ताक अली ही नावे त्यांना ठाऊक होती. सरवटे म्हणताच एकाने विचारले, "बसस्टँडवाले?"

उशिरा लिहिलेले उत्तर

शेवटी एक कबुली द्यावयाची आहे. सरांचा तो तास मी विसरलो नव्हतो, पण आचरणातही आणला नव्हता. पुढे प्राध्यापक झाल्यावर मी अनेक निवडसमित्यांवर बसलो. एकदा एका महाविद्यालयात व्याख्यात्याच्या जागेसाठी एक उमेदवार आला. परीक्षेतील गुण बेताचे. मी यादीवर नजर टाकली आणि पाच मिनिटांत त्याला निरोप दिला. तो कोठे शिकला, कोणत्या परिस्थितीत शिकला, दिवसा काय काम करून रात्री अभ्यास केला, यांपैकी काहीही मी विचारले नाही. बऱ्याच वर्षांनी माळव्यातील मराठी बोलीविषयी एक नेटके, कष्टाने केलेले संकलन माझ्या वाचनात आले. लेखकाचे नाव ओळखीचे वाटले. तो एका खेड्यातील शाळेत शिक्षक होता. मी त्याला पत्र लिहिले. त्याचे फार सौजन्यपूर्ण उत्तर आले. त्यात त्या मुलाखतीचा उल्लेख नव्हता, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले. मी त्या दिवशी फळ्यावरचा ३ पाहिला होता आणि 'तीन काय' असे विचारले नव्हते.

येथे शिक्षक बसले आहेत, म्हणून हे बोललो. आकडे टाकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. ज्याला आकड्यांचा तिटकारा आहे त्याला ६१ धावांत ९ बळींचे मोलही कळणार नाही. सर गणिताचे शिक्षक होते आणि चुकलेल्या बेरजेला त्यांनी कधी क्षमा केली नाही. त्यांचा आग्रह एवढाच होता, की उत्तरापुढे एकक असावे. वर्षाच्या अखेरीस आपण प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक आकडा लिहितो. तो लिहिण्यापूर्वी त्या मुलाला किती चेंडू टाकायला मिळाले, कोणत्या खेळपट्टीवर मिळाले, समोर कोण उभे होते, आणि शाळेच्या भिंतीबाहेर त्याचे तेच हात काय करतात, एवढे चार प्रश्न मनाशी विचारले, तरी सरांच्या नावाची ही व्याख्यानमाला सार्थकी लागली असे मी समजेन.

चंदू सरवटे : कसोटी सामने नऊ, बळी तीन, साडेसहाशेच्या आसपास चेंडूंत, बहुतांश ऑस्ट्रेलियाच्या टणक खेळपट्ट्यांवर, ब्रॅडमनसमोर, आणि त्याच हातांनी इतरत्र चारशे चौऱ्याण्णव.

सर, साठ वर्षे उशीर झाला, पण उत्तर एककासह लिहून आणले आहे. पूर्ण गुण मिळावेत अशी विनंती नाही. वही तपासून घ्यावी, एवढीच आहे.